नावांचे कुळ

जादूगार, वीर आणि कल्पित राज्ये यांच्या कथा मुलांना फार आवडतात. त्या कथांतील नद्या, पर्वत व नगरे जगाच्या नकाशावर कोठेही सापडत नाहीत. ती लेखकाने मनाने निर्माण केलेली असतात. नावे मात्र पुष्कळदा जुनी असतात. इंग्रजीतील अशा कथांत ब्रिटनमधील प्राचीन केल्ट लोकांच्या दंतकथांतील आणि राजा आर्थरच्या आख्यायिकांतील नावे वारंवार आढळतात. ज्याला सारे जगच नवे घडवावयाचे आहे, त्याने नावे उसनी का घ्यावीत, असा आक्षेप काही जण घेतात. तो योग्य नाही.

नाव म्हणजे केवळ हाक मारण्याची खूण नव्हे. नावात भाषेचा नाद असतो आणि जुन्या कथेची आठवण असते. जे. आर. आर. टोल्किन यांनी लहानपणी आगगाडीच्या कोळशाच्या वाघिणींवर लिहिलेली वेल्समधील गावांची नावे पाहिली. त्या अपरिचित अक्षरांनी त्यांचे मन मोहून गेले. पुढे आपल्या कथांसाठी त्यांनी सिंदारिन ही भाषा रचली, तेव्हा तिचा नाद वेल्श भाषेच्या धर्तीवर बेतला. म्हणूनच १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतील अनेक नवी नावे एखाद्या पुरातन लोकसमूहाची वाटतात.

'हॅरी पॉटर'च्या कथांतील जिनीचे पूर्ण नाव जिनेव्ह्रा आहे. आर्थरच्या राणीच्या ग्विनिव्हिअर या नावाचे ते इटालियन रूप होय. राणीचे नाव मुळात वेल्श असून त्यातील 'ग्वेन' म्हणजे शुभ्र. जिनीच्या वडिलांचे नाव तर आर्थरच आहे.

परंतु उसने घेणाऱ्यावर जबाबदारीही येते. अमेरिकन लेखक लॉइड अलेक्झांडर हे दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून वेल्समध्ये राहिले होते. १९६४ ते १९६८ या काळात त्यांनी 'प्रिडेन' नावाच्या कल्पित देशावर पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत आरॉन हा मृत्यूचा क्रूर अधिपती आहे. मूळ वेल्श कथेतील आरॉन मात्र परलोकाचा राजा असूनही दिलेला शब्द पाळणारा आणि मैत्रीला जागणारा आहे. असा बदल करण्याचे स्वातंत्र्य लेखकाला असते. पण ज्याने नवी कथाच वाचली, तो मूळ आरॉनला दुष्ट समजेल. अलेक्झांडर यांनी आपल्या पुस्तकात वेल्श कथांचे ऋण मान्य केले आणि आपला देश म्हणजे खरा वेल्स नव्हे, हेही सांगितले. हाच प्रामाणिक मार्ग होय. केवळ कानाला चमत्कारिक वाटते म्हणून नाव उचलणे आणि त्याच्या मूळ कथेची विचारपूसही न करणे, हे मात्र उचित नव्हे.

कारण ही नावे बेवारस नाहीत. वेल्श ही आजही बोलली जाणारी भाषा आहे. परंतु २०२१ च्या जनगणनेनुसार ती बोलू शकणारे लोक वेल्समध्येही सुमारे १८ टक्केच आहेत. कादंबरीतील एखाद्या नावाचे कुळ शोधीत जो वाचक त्या जुन्या कथांपर्यंत जाईल, तो त्या भाषेच्या ठेव्याला नवा वाचक मिळवून देईल. उसनवारी फेडण्याचा याहून चांगला उपाय कोणता?