हवालदाराला हसावे कोणी?

बहुरूपी दारात येतो तो पुष्कळदा पोलिसाच्या वेषात. अंगात खाकी सदरा, डोक्यावर टोपी, काखेत एखादी जुनी वही. यजमानाच्या नावाने वॉरंट निघाले असल्याचे तो दरडावून सांगतो, आरोपही असे विलक्षण ठेवतो की घरातली पोरे आधी आईच्या पदराआड लपतात आणि मग खदखदून हसत बाहेर येतात. शेवटी पसाभर धान्य किंवा पाच-दहा रुपये घेऊन साहेबांची स्वारी पुढच्या दाराकडे वळते. हा प्रकार महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. त्यात गंमत कसली, असे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ज्या वर्दीपुढे एरवी मान खाली घालावी लागते, तीच वर्दी आज आपल्यापुढे हात पसरते आहे, ही ती गंमत.

पोलिसाच्या वेषांतरावर बेतलेल्या विनोदी चित्रपटांचे बीज याच गमतीत आहे. कधी पोलीस वर्दी उतरवून चोरांत मिसळतो, कधी भलताच इसम वर्दी चढवून बसतो, तर कधी वर्दी खरी असून आतला माणूस त्या वर्दीला शोभत नाही. २०१२ साली अमेरिकेत ‘ट्वेंटीवन जम्प स्ट्रीट’ या चित्रपटाने दोन तरुण पोलिसांना विद्यार्थी बनवून शाळेत पाठविले. त्याआधी २००४ साली हिंदीत ‘मैं हूँ ना’मध्ये लष्करातील मेजर महाविद्यालयाच्या बाकावर येऊन बसला होता. असे चित्रपट आले की प्रेक्षकांत फळी पडते. एका बाजूस पोट धरून हसणारे, दुसऱ्या बाजूस हा पोरकटपणा कशासाठी असे विचारणारे. वाद अभिरुचीचा आहे असे दोन्ही बाजू मानतात. मराठीतील अनुभव पाहिला तर या वादाची मुळे अभिरुचीपेक्षा बरीच खोल गेलेली दिसतात.

मराठीत हा वाद ठळकपणे दिसला तो दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ या १९७५ सालच्या चित्रपटाच्या निमित्ताने. दादांचे दिग्दर्शन असलेला हा पहिलाच चित्रपट. पांडूच्या अंगावरची वर्दी खरी, पण तिच्या आतला माणूस सोंगाड्या. भोळा, सरळ, कायद्याचे कलम सांगता सांगता अडखळणारा. त्याच्या जोडीला अशोक सराफ यांचा सखाराम हवालदार, जो हप्ता खातो आणि त्यात त्याला काही वावगेही वाटत नाही. या एका जोडीने मराठी प्रेक्षकाचे जितके तुकडे केले तितके एखाद्या गंभीर सामाजिक चित्रपटानेही क्वचितच केले असतील. पुढे मुंबईच्या बोलीत ‘पांडू’ हा शब्द शिपायाला उद्देशून सर्रास वापरला जाऊ लागला. एवढ्यावरूनच हे हसू किती दूरवर पोचले होते याची कल्पना यावी.

दादांचा जन्म १९३२ साली मुंबईत, नायगावच्या चाळीतल्या गिरणी कामगाराच्या कुटुंबातला. नायगावात गिरणी कामगारांच्या चाळी आणि पोलिसांच्या वसाहती एकमेकींना खेटून आहेत. तेथे वाढलेल्या मुलाला शिपाई दिसतो तो चौकात दंडुका आपटणारा तर दिसतोच, शिवाय सार्वजनिक नळावर बादली घेऊन उभा असलेलाही दिसतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ सालच्या लोकनाट्यात दादांनी हवालदारच रंगविला होता आणि त्या भूमिकेनेच त्यांना घराघरात पोचविले. त्यामुळे पडद्यावरचा पांडू आकाशातून पडलेला नव्हता. दहा वर्षे तो रंगमंचावर प्रेक्षकांच्या समोर उभा राहून घोटला गेला होता.

आता प्रेक्षकांकडे वळू. अंबरनाथजवळच्या मोरिवलीसारख्या कारखानदारी वस्तीचे उदाहरण घेतले तर हे चित्र अधिक स्पष्ट होते. येथे रसायनांच्या कारखान्यांत पाळ्यांनी राबणारा कामगार आहे, शेजारी उल्हासनगरात फाळणीनंतर विस्थापित म्हणून येऊन पेढी उभी केलेला सिंधी व्यापारी आहे, स्टेशनाबाहेर पाटी मांडून भाजी विकणारी बाई आहे, सरकारी वसाहतीत राहणारा कारकून आहे आणि खुद्द पोलीस शिपाईही आहे. एकाच चित्रपटगृहाच्या अंधारात ही सारी मंडळी बसली तर सखाराम हवालदार हप्त्यासाठी हात पुढे करताच प्रत्येकाच्या मनात वेगळेच काही उमटणार. भाजीवाली हसते, कारण हा हात तिने सकाळीच पाहिलेला असतो आणि तो पडद्यावर हास्यास्पद झालेला पाहून तिचे थोडेसे का होईना उट्टे निघते. कारकुनाला हे हसू सवंग वाटते. शिपायाची मुले हसतात खरी, पण हसताना बापाकडे चोरून पाहतात. व्यापारी हसून सोडून देतो. त्याच्या हिशेबात ही रक्कम खर्चाच्या सदरात पूर्वीच पडलेली असते.

द्व्यर्थी संवादांवरचे आक्षेप येथे विचारात घेण्याचे कारण नाही. त्यावर शाई पुष्कळ खर्च झाली आहे आणि सेन्सॉरशी दादांनी केलेल्या झटापटींच्या कथाही सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पोलीस दलाचा अपमान होतो, हा दुसरा आक्षेपही फार काळ टिकण्यासारखा नाही. विनोदाने खचून जाणारे दल मुळातच खचलेले असले पाहिजे. तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो घेणाऱ्यांना रसिकतेचा अभाव म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. हा आक्षेप असा की, हप्त्याला हसण्याची सवय लागली म्हणजे हप्ता ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट होऊन बसते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हप्ता म्हणजे अनिश्चिततेची किंमत. फेरीवाल्याला आपली जागा उद्या राहील की नाही, याची खात्री नसते. ही खात्री जो देऊ शकतो, किंवा देऊ शकतो असे भासवितो, त्याला तो ठरावीक रक्कम देतो. परवाना सुलभ झाला, जागा निश्चित झाली, तर ही किंमत कमी व्हावी. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी संसदेने कायदा केला तो याच भूमिकेतून. पण रक्कम घेणारा हात शिपायाचा असला तरी ती त्याच्याच खिशात राहते, असे समजणे भाबडेपणाचे आहे. वसुली खालच्या पायरीवर होते आणि वाटणीची शिडी वर चढत जाते, हे कोणत्याही नाक्यावरचा पानवाला सांगेल. चित्रपटातला सखाराम हप्ता घेताना दिसतो. तो पुढे कोणाला देतो ते दिसत नाही. येथेच पडद्यावरील विनोदाने प्रेक्षकाला अर्ध्या वाटेवर सोडून दिले, असे म्हणावे लागते.

‘विच्छा’मध्ये असे नव्हते. तेथे हवालदार होता, कोतवाल होता, प्रधान होता आणि राजाही होता. कोतवालपदाभोवतीच्या राजकारणावरच त्या वगाचा डोलारा उभा होता, आणि हशा हवालदारापासून सुरू होऊन थेट सिंहासनापर्यंत चढत असे. सकाळच्या वर्तमानपत्रातील बातमी रात्रीच्या बतावणीत येई व त्या दिवशीच्या मंत्र्याचीही टोपी उडे. नाटकाच्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाची संमती लागत असली तरी नटाच्या जिभेवर रोज रात्री कोण पहारा ठेवणार? चित्रपटाचे तसे नाही. एकदा प्रमाणपत्र मिळाले की शब्द गोठला. लाखो रुपये गुंतलेला निर्माता वरच्या पायऱ्यांवर पाय ठेवताना दहादा विचार करतो, आणि तो तसा विचार करील यात नवल नाही. परिणामी हशा खालच्या पायरीवर अडला. शिपाई तेवढा हास्यास्पद राहिला, साहेब मात्र शेवटच्या रिळात येऊन पाठ थोपटण्यापुरता उरला. महेश कोठारे यांच्या ‘दे दणादण’ने १९८७ साली तर शिपायाला दैवी शक्तीच बहाल केली आणि लाल रंग दिसताच ती नाहीशी होण्याची सोय करून ठेवली. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयावर मुले बेहद्द खूश झाली. पण शिडीचा प्रश्न तेथे उरलाच नाही.

‘पांडू हवालदार’नंतर सात वर्षांनी, १९८२ साली, मुंबईने एक वेगळेच दृश्य पाहिले. जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झालेला होता आणि त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी खुद्द पोलीस शिपाई बंड करून रस्त्यावर उतरले. बारा-बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार, राहण्याच्या जागांची दुर्दशा, साहेबांच्या घरची कामे, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. सरकारने लष्कर पाचारण केले, पुढाऱ्यांना अटक झाली, त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली आणि कित्येकांना नोकरी गमवावी लागली. ज्या हवालदाराला महाराष्ट्र सात वर्षे हसत होता त्याचे म्हणणे काय आहे, हे त्या दिवशी प्रथमच रस्त्यावर ऐकू आले. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात सुरू होण्यास पुढे २०१६ साल उजाडावे लागले. हे सारे ध्यानात घेता, चित्रपटगृहात बापाकडे चोरून पाहणाऱ्या मुलांचे मत कोणत्या बाजूस धरावयाचे? ते हसणाऱ्यांत होते आणि दुखावलेल्यांतही होते.

वेषांतराच्या युक्तीचा खरा उपयोग येथे होऊ शकला असता. राजा वेष पालटून नगरात हिंडतो आणि प्रजेचे हाल जाणून घेतो, ही गोष्ट आपल्याकडे आजीच्या मांडीवर ऐकण्यात येते. वर्दी उतरविलेल्या हवालदाराला चोरांच्या टोळीत पाठविण्याऐवजी चार दिवस स्टेशनाबाहेर केळ्यांची पाटी घेऊन बसविले, आणि पाचव्या दिवशी त्याच्याच ठाण्यातील सोबती त्याच्यापुढे हात करून उभा राहिला तर काय होईल? ओळख द्यावी तर कामगिरी फसणार, न द्यावी तर हप्ता मोजावा लागणार, आणि मोजलेला हप्ता सरकारी खर्चात दाखवावयाचा कसा, हा पेच शिल्लकच. (साध्या वेषातला पोलीस तपकिरी बुटांवरून आणि बारीक कापलेल्या केसांवरून कोणालाही ओळखू येतो, हे खरे. पण विनोदी चित्रपटाने एवढी सवलत घ्यावयास हरकत नाही.) अशा प्रसंगाला भाजीवाली हसली असती, शिपाईही हसला असता आणि आक्षेप घेणाऱ्या कारकुनालाही आपले म्हणणे मांडल्यासारखे वाटले असते.

अशा वादाचा निकाल तिकीटखिडकीवर लागतो, असे निर्मात्यांचे नेहमीचे म्हणणे. दादांचे लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि तो विक्रम गिनेस बुकात नोंदला गेला, हे त्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ सांगितले जाते. १९७५ सालीच राज्य शासनाने मराठी चित्रपटांसाठी करपरताव्याची योजना आणली. चित्रपटाने भरलेला करमणूक कर निर्मात्याला पुढील मराठी चित्रपट काढताना परत मिळू लागला. जितकी तिकिटे अधिक तितका परतावा मोठा. म्हणजे पिटातल्या प्रेक्षकाच्या हसण्याला पुढच्या चित्रपटाच्या भांडवलाचे मोल आले. पडत्या काळात मराठी चित्रपट त्यामुळे तगला, हे या योजनेचे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र तिकीट हे मत आहे असे मानताना एक गोष्ट विसरली जाते. तिकीट काढणाऱ्याचे मत मोजले जाते, हसून झाल्यावर त्याला काय वाटले ते मोजले जात नाही.

२०२१च्या डिसेंबरात विजू माने यांचा ‘पांडू’ आला. भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांनी जुन्या जोडीला नव्याने वर्दी चढविली. महाराष्ट्रातील चित्रपटगृहे ऑक्टोबरात निम्म्या आसनांवर उघडली होती. टाळेबंदीत भर उन्हात नाकाबंदीवर उभा असलेला शिपाई लोकांनी नुकताच पाहिला होता, त्याच्या काठीचा प्रसादही काहींनी घेतला होता. या चित्रपटाबद्दलही मतभेद झाले. काहींना दादांची आठवण जागी झाल्याचे समाधान वाटले, तर काहींना जुन्या दारूला नवी बाटली पुरली नाही असे वाटले. पण १९७५ आणि २०२१ यांत एक फरक पडला होता. तेव्हा पिटातला आणि बाल्कनीतला प्रेक्षक एकाच छपराखाली बसत असे. पिटातल्या शिट्ट्या बाल्कनीला ऐकू येत आणि बाल्कनीची नापसंती मध्यंतरात चहाच्या गाड्यावर पिटाच्या कानावर जाई. एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून बंद पडली आणि त्यांच्या जागी मॉलमधील पडदे आले. तेथील तिकिटाचा दर, त्यावर पॉपकॉर्नचा भुर्दंड आणि मोरिवलीहून जाण्या-येण्याचा खर्च यांची बेरीज केली तर भाजीवालीच्या एका दिवसाच्या कमाईत कुटुंबाची सोय होत नाही. ती हा चित्रपट पाहते तो काही महिन्यांनी, घरच्या दूरचित्रवाणीवर, भाजी निवडता निवडता. शिपाई पाहतो तो रात्रपाळीत, मोबाइलवर, तुकड्यातुकड्याने. हसत दोघेही असतील, पण सखारामाचा हात पुढे झाला त्या क्षणी शेजारचा का गप्प झाला, हे आता दोघांपैकी कोणालाच कळत नाही.