उलटा पत्ता आणि राहिलेला साखरपुडा



आमच्या नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा गेल्या महिन्यात होता होता राहिला. भांडण नाही, देण्याघेण्याची गोष्ट नाही, मुलाबद्दल तक्रार नाही. कारण काय, तर टॅरोचा एक पत्ता उलटा पडला. घरातली गोष्ट चारचौघांत सांगू नये हे मलाही कळतं. पण असं आणखी किती घरांत चाललं असेल, म्हणून मुलीच्या आईला विचारूनच हे पत्र लिहितोय.

पूर्वी हे पत्ते गोव्याला गेलं की किनाऱ्यावरच्या बाजारात दिसायचे. आता मोबाइलवरून थेट स्वयंपाकघरात आलेत. मुलीनं एका बाईंना 1100 रुपये पाठवले. त्यांनी तीन पत्ते काढले. तिसऱ्या पत्त्यावर जमिनीत रोवलेल्या चार दांड्या, त्यांवर फुलापानांची माळ आणि मागे हातात फुलं घेतलेल्या दोघीजणी. आपल्याकडच्या मांडवासारखंच चित्र. पण पत्ता पडला उलटा. बाई म्हणाल्या, "मांडवच पालथा आहे, हे लग्न टिकणार नाही. उपाय करावा लागेल." उपायाचे 5100 वेगळे. मुलगी दोन दिवस जेवली नाही. आई माझ्याकडं येऊन म्हणाली, "दादा, मांडवच उलटा पडलाय म्हणे. आता कसं पुढं जायचं?"

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. पत्त्यांतलं मला रमी आणि बदामसत्तीपलीकडं काही ठाऊक नव्हतं. पण उलटा म्हणजे वाईट हे कुणी ठरवलं, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून पुस्तकं मिळवून वाचली.

टॅरोचे पत्ते भविष्यासाठी जन्मलेलेच नाहीत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलानसारख्या शहरांत ते खेळायला तयार झाले. फ्रान्समध्ये त्यांचा खेळ आजही चालतो. खेळात पत्ता हातात उलटा आला तर माणूस तो सरळ करतो आणि डाव पुढं नेतो. ते इजिप्तच्या गुप्तविद्येतून आले, हा दावा 1781 मध्ये कूर द जेबेलँ नावाच्या फ्रेंच लेखकानं केला. त्याला पुरावा काही नव्हता. त्याच सुमारास पॅरिसमध्ये एतेया नावानं लिहिणारा एक गृहस्थ होता. त्यानं 1770 मध्येच साध्या 32 पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक काढलं होतं, आणि प्रत्येक पत्त्याला सरळ एक आणि उलटा एक असे दोन अर्थ लावले होते. पुढं त्यानं टॅरोलाही तेच लावलं. म्हणजे उलट्या पत्त्याचा अर्थ माणसानं बसून लिहून काढलेला आहे. आपल्या नेहमीच्या कॅटमधला राजा बघा. दोन्हीकडून डोकं वर. त्याला उलटं पाडून दाखवा बरं!

आज बहुतेक ठिकाणी जो 78 पत्त्यांचा संच वापरतात, तो 1909 मध्ये लंडनला निघाला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. वेट यांनी प्रत्येक पत्त्याचा सरळ आणि उलटा अर्थ पुस्तकात दिला आहे. मी आधी तो चार दांड्यांचा पत्ता शोधला. उलटा पडला तरी अर्थ बदलत नाही, भरभराट आणि सुखच, असं तिथं दिलंय! सूर्याचा पत्ता उलटा आला तरी अर्थ तोच, फक्त जरा कमी. पाठीत दहा तलवारी खुपसलेल्या माणसाचा भयंकर पत्ता आहे, तो उलटा पडला तर चक्क फायदा आणि यश, मात्र टिकाऊ नाही. ज्या माणसाच्या संचावरून बाईंनी आमच्या पोरीला रडवलं, त्याच माणसाच्या पुस्तकात तिच्यासाठी रडण्यासारखं काही नव्हतं.

हे सांगून मला वेट खरे आणि बाई खोट्या असं म्हणायचं नाही. मला दोघांचंही पटत नाही. मुद्दा असा की उलट्या पत्त्याचा नियम एक नाहीच. कुणी म्हणतं अर्थ उलट घ्या. कुणी म्हणतं अर्थ तोच, पण जोर कमी. कुणी म्हणतं गोष्ट होणार, पण उशिरा. कुणी म्हणतं हे बाहेरचं नाही, मनातल्या अडचणीचं लक्षण. आणि कितीतरी वाचणारे उलटा पत्ता सरळ करूनच बोलतात. एकाच पत्त्यावरून "लग्न मोडेल", "लग्न उशिरा होईल", "तू आतून घाबरली आहेस" आणि "सगळं छान आहे" हे चारही निघत असेल, तर बोलतोय कोण? पत्ता की माणूस?

आता थोडं गणित. पत्ते पिसताना ते नीट उलटसुलट मिसळले, तर प्रत्येक पत्ता उलटा येण्याची शक्यता निम्मी. तीन पत्ते काढले तर सरळ-उलट्याच्या आठ तऱ्हा होतात. तिन्ही सरळ असण्याची तऱ्हा एकच. म्हणजे आठांपैकी सात वेळा निदान एक पत्ता उलटा येणारच. आणि कॅट कायम एकाच दिशेनं ठेवला, कापताना अर्धा फिरवला नाही, तर एकही उलटा येणार नाही. ज्याचा धंदा उपाय विकण्यावर चालतो, त्याला उलट्या पत्त्याची टंचाई कधी पडत नाही.

आपल्या मंडळीतल्या काहींनी हे ऐकलं आणि लगेच म्हणाले, "सैतानाचं काम आहे, जाळून टाका." त्यांनाही माझं नम्र सांगणं आहे. पवित्र शास्त्रात शकुन पाहणाऱ्यांच्या मागे लागू नका असं बजावलं आहे, ते मी मानतो. पण जुन्या इटालियन पत्त्यांवर पोप आहे, न्याय आहे, कर्णा वाजवणारा देवदूत आणि कबरीतून उठणारी माणसं आहेत. ते पत्ते बनवणारी माणसं आपल्यासारखी चर्चला जाणारीच होती. कागदाला घाबरून जाळणं आणि कागदाला घाबरून साखरपुडा थांबवणं, दोन्हीकडं भीती कागदाचीच. प्रेषितांच्या कृत्यांतल्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पैची ती दासी आठवा. ती भविष्य सांगायची आणि कमाई तिचे धनी खायचे. कमाई बुडाली तेव्हा त्यांनी पौल आणि सीला यांना धरून नेलं. पैसा कुणाकडं जातो हे बघण्याची सवय आपल्याला तिथूनच लागायला हवी होती.

आणि एक प्रश्न स्वतःलाही. मुलगी पत्तेवालीकडं गेलीच का? मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "काका, त्या बाईंनी अर्धा तास माझं ऐकून घेतलं. घरात सगळे फक्त हॉल आणि जेवणाचंच बोलत होते." तिच्या मनात वेगळीच काळजी होती. लग्नानंतर पुण्याला जायचं, मग इकडं आई एकटी. हे तिनं ना मुलाला सांगितलं होतं, ना आईला, ना आमच्या पाळकसाहेबांना. लग्नाची सूचना आपण तीन रविवार उपासनेत वाचतो, कुणाची हरकत आहे का विचारतो. मुलीलाच निवांत बसवून "बाळ, तुझ्या मनात काय आहे?" हे मात्र कुणी विचारलं नाही.

आता दोन्ही घरची बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत. मुलाकडचे दुखावलेत, आणि ते साहजिक आहे. हॉलची आगाऊ रक्कम गेली. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि तिन्ही पत्ते सरळ पडले असते तरी कुणाला सांगता आलं नसतं.

माझी विनंती एवढीच. मंडळीत लग्न ठरलेल्या मुलामुलींना कुणा वडीलधाऱ्यानं तासभर तरी ऐकून घ्यावं, जेवणाच्या यादीआधी. आणि हौस म्हणून कुणी पत्ते काढलेच, हिंदू शेजारी असोत की आपले, तर उलटा पत्ता दाखवून कुणी उपायाचे पैसे मागितले की एक करावं. हात पुढं करून तो पत्ता सरळ करावा आणि उठावं. एक पैसाही खर्च होणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, कॅम्प, बेळगाव