खालच्या पायरीवरची खात्री

दिवाळीच्या आधीचा रविवार. माळे उपसून झालेले असतात, पंखे पुसून झालेले असतात, गॅलरीत आकाशकंदील लावायचा तेवढा राहिलेला असतो. शिडी सोसायटीच्या वॉचमनकडून आणलेली; तिच्या एका पायाचे रबर केव्हाच गेलेले. ‘खाली धरू का?’ असे घरातून विचारले जाते आणि वरून उत्तर येते, ‘काही गरज नाही, दरवर्षी मीच लावतो.’ हे उत्तर खरे असते. दरवर्षी त्यानेच कंदील लावलेला असतो आणि दरवर्षी काहीही झालेले नसते. घात होतो तो याच अनुभवाने.

घरातले अपघात अडाणीपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे होतात, असे आपण धरून चालतो. पण हौसेने हातात पाना, पक्कड किंवा सोल्डरिंग गन घेणारी माणसे बहुतेक वेळा अडाणी नसतात, निष्काळजी तर नसतातच. त्यांना काम येत असते आणि ते अनेकदा यशस्वीही झालेले असते. म्हणून अशा माणसांना ‘जरा जपून’ एवढेच सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही. धोका कुठे दडलेला असतो आणि तो आधी का जाणवत नाही, हे सांगितले तर होतो.

पडणे ही किरकोळ बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो. हे सारे अर्थातच शिडीवरून पडलेले नसतात. पण शिडीचा वेगळा हिशोब जिथे ठेवला गेला, तिथले आकडे बोलके आहेत. अमेरिकेत २०११ या एका वर्षात कामावर असताना शिडीवरून पडून ११३ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे ३४ हजार जणांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे लागले. ही झाली कामगारांची गोष्ट. त्यांच्यावर निदान कुणाची तरी देखरेख असते. रविवारी घरी शिडी लावणाऱ्यावर कुणाचीच नसते.

शिडी भिंतीला टेकवली की तिचा खालचा पाय बाहेर सरकू पाहतो. जमिनीशी होणारे घर्षण त्याला धरून ठेवते. माणूस पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असतो तेव्हा त्याचा भार शिडीच्या पायाजवळ, जवळपास सरळ खाली पडतो. तो जसजसा वर जातो, तसतसा शिडीच्या वरच्या टोकाचा भिंतीवरचा दाब वाढत जातो आणि तेवढाच पायाला बाहेर ढकलणारा जोरही वाढतो. घर्षणाची मर्यादा मात्र होती तेवढीच राहते. म्हणजे प्रत्येक पायरीगणिक हाताशी असलेली शिल्लक कमी होत जाते, पण शिडी तसे काही कळू देत नाही. ती करकरत नाही, डुगडुगत नाही. शिल्लक संपली की एकदम सरकते. खाली उभे राहून शिडी हलवून पाहणे आणि ‘घट्ट आहे’ म्हणणे ही चाचणी म्हणूनच फसवी. तिने खालच्या पायरीपुरती खात्री मिळते आणि त्याच खात्रीवर माणूस शेवटच्या पायरीवर जाऊन उभा राहतो.

त्यानंतर सावरायला वेळ नसतो. दोन मीटरवरून, म्हणजे जेमतेम साडेसहा फुटांवरून, पडणारा माणूस सेकंदाच्या दोन तृतीयांश भागात जमिनीवर येतो. तोल गेला हे मेंदूला उमगून हात हलायलाच पाव सेकंद जातो. जमिनीला टेकतानाचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे असतो. हात पुढे आला तर मनगट मोडते. टाचांवर पडले तर टाचेचे हाड चुरते आणि तोच धक्का वर जाऊन कमरेच्या मणक्याला तडा देऊ शकतो. टाच मोडलेल्या रुग्णाचा मणका डॉक्टर तपासतात तो याचमुळे. साठीच्या पुढचा माणूस असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही हलका समजू नये. ‘मला काही झालेले नाही’ म्हणत तो उठून चहा घेतो आणि काही तासांनी मेंदूतला रक्तस्राव उघडकीस येतो. अशा वेळी सीटी स्कॅन करून घ्यावा की नाही, हे घरच्यांनी नव्हे, डॉक्टरांनी ठरवायचे असते.

दुसरे उदाहरण वरवर पाहता अगदी वेगळे आहे. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ई-सिगारेटचा एक हौशी पंथ गेल्या पंधरा वर्षांत उभा राहिला. बाजारातले तयार उपकरण न घेता ते स्वतः जुळवायचे, तारेची वेटोळी हाताने वळायची आणि जास्तीत जास्त दाट वाफ काढायची, अशी ही हौस. ‘मेकॅनिकल मॉड’ नावाच्या त्यांच्या लाडक्या उपकरणात इलेक्ट्रॉनिक्स नसतेच. धातूची नळी, तिच्यात लिथियम-आयन सेल, एक बटण आणि वर तारेचे वेटोळे, एवढाच कारभार. मोबाइलमध्ये जादा प्रवाह तोडणारे किंवा तापमान वाढल्यावर चार्जिंग थांबवणारे रक्षक परिपथ असतात. इथे ते मुळातच गाळलेले.

इथली शिडी विजेच्या साध्या नियमाची आहे. दाब भागिले रोध म्हणजे प्रवाह. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा. वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम असेल तर प्रवाह ८.४ अँपिअर. रोध ०.२ वर आणला तर २१ आणि ०.१ वर आणला तर ४२ अँपिअर. अशा सेलची सतत प्रवाह देण्याची क्षमता प्रकारानुसार साधारण १० ते ३० अँपिअर असते. म्हणजे वेटोळ्यात केलेल्या अगदी लहानशा फरकाने सेल सुरक्षित मर्यादेतून थेट धोक्यात जातो. त्यात साध्या मल्टिमीटरने ०.१ आणि ०.२ ओहम यांतला फरक धड मोजताही येत नाही, कारण त्याच्या वायरींचा स्वतःचा रोधच जवळपास तेवढा असतो. अर्ध्या ओहमवर महिनोन्‌महिने काही झाले नाही, हा अनुभव ०.१ ओहमसाठी निरुपयोगी आहे. पण हौशी माणूस त्याच अनुभवाच्या बळावर पुढची पायरी चढतो.

सेल एका मर्यादेपलीकडे तापला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात. त्या उष्णतेने क्रियांचा वेग वाढतो आणि वेग वाढल्याने आणखी उष्णता. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. एकदा सुरू झाल्यावर बटण सोडून तो थांबत नाही. ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात, आणि नळीला वायू सुटण्यासाठी पुरेशी भोके नसतील तर तिचा बॉम्ब होतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्यांतून अशा आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या. १३३ प्रसंगांत माणसे जखमी झाली, त्यांतल्या ३८ जखमा गंभीर होत्या. तब्बल ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता. पुढे २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये अशा स्फोटांनी दोन तरुण दगावले.

खिशातल्या सेलचे कारणही साधे आहे. या सेलचे सारे धातूचे कवच म्हणजेच ऋण टोक. वरच्या धन टोकाच्या आणि त्याच्या मध्ये एक पातळ चकती आणि बाहेरून प्लास्टिकचे आवरण, एवढेच अंतर. आवरणाला चीर गेली आणि खिशात किल्ल्या किंवा नाणी असली की शॉर्ट सर्किट व्हायला वेळ लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, भारतात ई-सिगारेटवर बंदीच आहे, मग इथे ही चिंता कशाला? २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आणली, आणि निकोटिनचे व्यसन पाहता तिचे समर्थन करता येते. पण त्या हौसेच्या पोटातला सेल बंदी घातलेला नाही. १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा तो ‘१८६५०’ आपल्या जुन्या लॅपटॉपमध्ये, पॉवर बँकमध्ये, विजेरीत आणि अनेक ई-सायकलींच्या बॅटरीत बसलेला आहे. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून घरी पॉवर बँक बनवणारी मुले इथेही आहेत. सुटे सेल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत कुठेही मिळतात, आणि त्यांवर ‘९९०० एमएएच’ असे बेधडक छापलेले असते. या आकाराच्या सेलची खरी क्षमता साडेतीन, फार तर चार हजारांच्या आसपास असते. ज्याच्या लेबलावर एवढे मोठे खोटे छापले आहे, त्याच्या सुरक्षिततेवर काय विश्वास ठेवायचा? अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तर २०२१ साली लोकांना सांगितले की सुटे १८६५० सेल विकतच घेऊ नका, कारण ते बॅटरी संचात बसवण्यासाठी बनवलेले असतात, खिशात ठेवण्यासाठी नव्हे.

यावर हौस सोडून देणे हा उपाय नाही. स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणारी माणसे हवीतच. घरातली पोरे काही उघडून पाहणार नसतील तर उद्याचे तंत्रज्ञ कुठून येणार? पण हौसेला सवयींची जोड हवी, आणि त्या सवयी वाटणाऱ्या भीतीवर अवलंबून असता कामा नयेत. कारण भीती तर चार यशांनंतर निघूनच जाते.

शिडीसाठीच्या सवयी मोजक्या आहेत. चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट बाहेर. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव कायम शिडीवर. पोट दोन उभ्या दांड्यांच्या आत. बाजूला वाकून हात पुरवण्यापेक्षा खाली उतरून शिडी सरकवावी. सर्वांत वरच्या पायऱ्यांवर उभे राहू नये. घडीची शिडी मिटून भिंतीला टेकवू नये, पायाखाली विटा रचू नयेत, आणि विजेच्या तारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी नेऊच नये.

सेलसाठीच्या त्याहूनही कमी. आवरण फाटलेला, फुगलेला किंवा आपटलेला सेल वापरू नये. सुटा सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवावा. रक्षक परिपथ काढून किंवा टाळून काही जोडू नये. चार्जिंग उशाशी किंवा गादीवर नको. भाजलेच तर जळते कपडे दूर करून भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे आणि रुग्णालयात ‘लिथियम बॅटरीने भाजले आहे’ असे स्पष्ट सांगावे. जळणाऱ्या सेलमधून हायड्रोजन फ्लोराइडसारखी दाहक रसायने निघतात आणि त्यांचे उपचार साध्या भाजण्यापेक्षा वेगळे असू शकतात.

काही जबाबदारी मात्र व्यक्तीच्या पलीकडची आहे. गृहनिर्माण संस्था रंगकामावर लाखो रुपये खर्च करतात. रबरी पाय असलेली एक धड शिडी त्यांच्याकडे का नसावी? शाळेत ओहमचा नियम उदाहरणे सोडवण्यापुरता शिकवला जातो. घरातल्या बॅटरीत तो काय करतो, हे त्याच तासाला दाखवायला खर्च येत नाही. खोटी क्षमता छापलेले सेल विकणाऱ्याला ग्राहकाची फसवणूक म्हणून जाब विचारता येतो, मग तो विचारला का जात नाही? आणि जखमी होऊन घरी परतणाऱ्यांचा हिशोब जोवर ठेवला जाणार नाही, तोवर अशा प्रत्येक अपघाताला ‘नशीब’ हेच नाव मिळत राहील.

या वर्षीही कंदील लागेल, आणि बहुतेक घरांत काहीही होणार नाही. पण गेल्या वर्षी काही झाले नाही, ही गोष्ट या वर्षीची शिडी धरून ठेवत नाही. ‘खाली धरू का?’ असे कुणी विचारले, तर ‘हो, धर’ म्हणायला कमीपणा कसला?