मागून येणाऱ्यासाठीं दिवा

जुन्या वस्तूंवर माणसाचा जीव जडतो यांत नवल नाहीं. ज्या घरांत आजीची समई आणि आजोबांचें भिंतीवरील घड्याळ जपलेलें असतें, त्या घरांत वडिलांची मोटारही जपली जाते. आमच्या नांदेडच्या घरीं वडिलांनीं १९७८ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. इटलीच्या फियाट ११०० च्या धर्तीवर मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी ही गाडी एके काळीं मध्यम स्थितींतील कुटुंबाचें भूषण असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींनीं २०२३ च्या ऑक्टोबरांत अखेरचा निरोप घेतला. आमची गाडी मात्र अद्याप चालती आहे. वडील गेल्यापासून तिच्यांतील एक खिळाही बदलूं नये, असा आमच्या मातोश्रींचा दंडक होता. तो मोडण्याचा प्रसंग गेल्या हिंवाळ्यांत आला. त्याची हकीकत कांहीं वाचकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

लातूरचें एक मंगल कार्य आटोपून आम्ही नांदेडास परतत होतों. दिवस मावळला होता. उंसाचा गळीत हंगाम ऐन भरांत असल्यामुळें अहमदपूर सोडल्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांगच लागली, आणि त्यांतील कित्येकींच्या पाठीमागें दिव्याचा पत्ता नव्हता. लोह्यास चहाला थांबलों, तेव्हांही या ट्रॉलीवाल्यांच्या बेपर्वाईवर आमचें व्याख्यान चालूच होतें. आमची पुतणी आपल्या गाडीनें आमच्या मागून येत होती. ती शांतपणें म्हणाली, "काका, त्यांना कशाला बोलतां? तुमचे दिवे लागतात एवढेंच, दिसत नाहींत. दोनदां तुम्हीं ब्रेक दाबलात, तें मला अगदीं जवळ आल्यावर समजलें. माझ्या जागीं एखादा ट्रक असता तर?" मागच्या बाकावर आई बसली होती. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

घरीं आल्यावर आईजवळ विषय काढला. "ह्यांनीं जशी ठेवली, तशी राहूं दे," एवढेंच ती म्हणाली. तेव्हां प्रथम कांहीं न बदलतां जेवढें सुधारेल तेवढें सुधारावें, असें ठरलें.

आमच्या जुन्या मिस्त्रीचें म्हणणें असें पडलें, कीं बल्बाला दोष देण्याआधीं अर्थिंग पाहावें. अशा गाड्यांत बॅटरीकडून दिव्याकडे तार जाते. परतीचा मार्ग मात्र गाडीच्या पत्र्यांतूनच असतो. इतक्या पावसाळ्यांनंतर होल्डरच्या बुडाशीं गंज चढतो, तो मार्ग अडतो, आणि बॅटरी बारा व्होल्टची धडधाकट असूनही दिव्यापर्यंत पुरता दाब पोंचत नाहीं. मिस्त्रीनें होल्डर सोडविले, पॉलिश पेपरनें पत्रा घांसून लख्ख केला, प्रत्येक दिव्यापासून बॉडीपर्यंत परतीची स्वतंत्र तार नेली आणि काचा साबणाच्या पाण्यानें आंतून-बाहेरून धुतल्या. एवढ्यानेंच दिव्यांना नवा जीव आला. जुनी गाडी बाळगणाऱ्यानें पैसा खर्चण्यापूर्वीं हें बिनखर्ची काम अवश्य करावें.

तरीही पुतणीचें समाधान होईना, आणि तिचें कारण विचार करण्याजोगें होतें. जुन्या बल्बांतील तार तापून पूर्ण उजळण्यास सुमारें पंचमांश सेकंद लागतो; एल.ई.डी. बल्ब तत्क्षणीं पेटतो. ताशीं ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत २२ मीटर जाते. म्हणजे मागच्या चालकास सुमारें ४ मीटर अगोदर सूचना मिळते, आणि आमच्या सबंध गाडीची लांबी जवळजवळ तेवढीच आहे!

हे बल्ब घेतांना मात्र कांहीं पथ्यें पाळावींत. लाल काचेमागें लालच व नारिंगी काचेमागें नारिंगीच बल्ब घ्यावा. पांढऱ्या बल्बानें काचेचा रंग फिका पडतो. मूळ बल्बांत रात्रीच्या दिव्यास ५ वॅट आणि ब्रेकच्या दिव्यास २१ वॅट असा ठळक भेद असतो. हलक्या प्रतीच्या एल.ई.डी. मध्यें दोन्ही सारखेच प्रखर दिसले, तर ब्रेक दाबल्याचें कोणास कळणार? तसेंच प्रकाश चोहों बाजूंनीं फेंकणारा बल्ब निवडावा, म्हणजे आंतील चकाकत्या वाटीचा उपयोग होतो.

वळणाच्या दिव्यांची गोष्ट निराळी. जुन्या फ्लॅशरच्या डबींत दोन धातूंची पट्टी असते. विजेनें ती तापून वांकते व प्रवाह तोडते. निवली कीं पुन्हां जोडते. २१ वॅटचे दोन बल्ब तिला पुरेसें तापवितात. एल.ई.डी. इतकी थोडी वीज घेतो, कीं पट्टी तापतच नाहीं आणि दिवा लुकलुकण्याऐवजीं नुसता पेटून राहतो. कांहीं लोक यावर विजेचा भार वाढविणारा रेझिस्टर लावतात. तो फार तापतो, व वाचविलेली वीज व्यर्थ जाते. त्यापेक्षां इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा. मिनिटास साठ ते एकशेंवीस वेळां उघडझांप व्हावी, हें प्रमाण योग्य. ज्यांच्या जुन्या विलायती गाडींत बॅटरीचें धन टोंक बॉडीस जोडलेलें असेल, त्यांनीं तसे बल्ब व फ्लॅशर मुद्दाम विचारून घ्यावेत.

पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें जे नियम केले, त्यांत गाडीचें मूळ स्वरूप राखण्याची अट आहे. म्हणून पत्र्यास भोंक न पाडतां, मूळच्या काचा व चौकटी तशाच ठेवून, आंतील बल्ब तेवढा बदलावा. मागील कांचेच्या आंतल्या बाजूस ब्रेकचा तिसरा दिवाही भोंक न पाडतां बसतो. अमेरिकेंत १९८६ पासून नव्या मोटारींस असा उंचावरील दिवा सक्तीचा आहे.

हें सर्व आईला समजावून सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझे आजोबा रात्रीं दमणी जुंपली, कीं आधीं मागें कंदील टांगल्याशिवाय निघत नसत. पुढचा रस्ता बैलांना ठाऊक असतो. मागून येणाऱ्याला आपण ठाऊक नसतों, असें म्हणत. बसव तुझे दिवे."

काम झालें त्या संध्याकाळीं ती स्वतः काठी टेकीत गाडीच्या मागें जाऊन उभी राहिली आणि आम्हांस ब्रेक दाबावयास सांगितलें. भिंत लाल झाली. जुने बल्ब तिनें कागदांत गुंडाळून वडिलांच्या कपाटांत ठेवले.

पुढचा दिवा आपल्यासाठीं असतो. तो मंद झाला तर आपणांस लागलीच कळतें. मागचा दिवा दुसऱ्यांसाठीं असतो, आणि तो विझला तरी आपणांस दिसत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल, त्यांनीं आज रात्रींच कोणास तरी तिच्या मागें पन्नास पावलांवर उभें करावें, व त्याला काय दिसतें तें विचारावें.