दोन नोंदींमधली रात्र

भूल देणे हा माझा व्यवसाय. शस्त्रक्रिया चालू असते तेवढा वेळ रुग्णाची नाडी, रक्तदाब, श्वास आणि रक्तातला प्राणवायू यांवरून माझी नजर हलत नाही. मग रुग्ण वॉर्डात जातो आणि ही नजर एकदम विरळ होते. तिथे चार-सहा तासांनी सिस्टर येतात, तक्त्यावर आकडे लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. रात्री दहाची नोंद झाली की पुढची पहाटेची. मधल्या रात्रीचे काय?

माझे मत स्पष्टच सांगतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री तरी जोखमीच्या रुग्णावर अखंड लक्ष असलेच पाहिजे. ती चैन नव्हे.

गंभीर बिघाड बहुधा अचानक होत नाही. मायामीच्या एका रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासले गेले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५४ जणांच्या बाबतीत आधीच्या आठ तासांतच बिघाडाच्या खुणा नोंदलेल्या आढळल्या. क्लीव्हलँड क्लिनिकचा २०१५ चा अभ्यास आणखी बोलका आहे. शस्त्रक्रियेनंतर ८३३ रुग्णांच्या प्राणवायूची अखंड नोंद झाली, पण ती परिचारिकांना दाखवली नव्हती. तिसऱ्या हिश्शाहून अधिक रुग्णांत ही पातळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ ९० टक्क्यांखाली राहिली. आणि अशा दहांपैकी नऊ प्रसंगांचा नेहमीच्या फेऱ्यांत कुणालाच पत्ता लागला नाही.

यात परिचारिकांना दोष देणे अन्यायाचे आहे. झोपलेल्या रुग्णाला हलवले, दोन शब्द बोलले की तो खोल श्वास घेतो आणि आकडा सुधारतो. सिस्टर गेल्या की तो पुन्हा ग्लानीत जातो. त्यात मॉर्फिनसारख्या औषधाने श्वास मंदावलेला असेल आणि नाकाला प्राणवायूची नळी असेल, तर बोटाच्या चिमट्यावरचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. आत मात्र कर्बवायू साचत जातो. म्हणून श्वास मोजायला हवा. नेमका तोच अनेकदा अंदाजाने लिहिला जातो! कित्येक तक्त्यांवर वरपासून खालपर्यंत १८ किंवा २०.

मग प्रत्येक खाटेला यंत्र जोडले की झाले? मुळीच नाही. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ साली सांगितले की, यंत्रांच्या ८५ ते ९९ टक्के इशाऱ्यांवर काहीही करावे लागत नाही. उठसूट वाजणाऱ्या घंटेकडे मग कोण लक्ष देणार? न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ-हिचकॉक रुग्णालयाने २००७ च्या अखेरीस अस्थिशल्य वॉर्डात वेगळा मार्ग धरला. खऱ्या धोक्यालाच इशारा व्हावा अशा मर्यादा ठरवल्या आणि तो थेट परिचारिकेच्या पेजरवर पाठवला. तातडीने धावून जाण्याचे प्रसंग हजार रुग्णांमागे ३.४ वरून १.२ वर आले. हा एका वॉर्डाचा हिशेब आहे, पण दिशा दाखवणारा आहे.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयात रात्रपाळीच्या एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे ज्यांचे माणूस तिथे होते त्यांनाच विचारा. इशारा झाल्यावर धावायला माणूसच नसेल, तर यंत्र काय करणार? यंत्रांच्या खरेदीबरोबर परिचारिकांची पदेही भरायला हवीत. आणि खासगी रुग्णालयात खोलीचे भाडे विचारताना आपण हेही विचारावे: रात्री कोण बघणार, किती वेळाने, आणि यंत्र वाजले तर कोण येणार?

उशाशी जागणाऱ्या नातेवाइकांनाही एक काम सांगतो. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर रुग्णाचे श्वास मोजा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली केलेल्या गुणपद्धतीत ८ किंवा कमी आणि २५ किंवा जास्त श्वास हे सर्वाधिक धोक्याचे धरले आहेत. असे दिसले तर ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ म्हणून थांबू नका, सिस्टरना हाक मारा. आणि रुग्ण घोरतो आहे म्हणजे त्याला शांत झोप लागली, असेही धरून चालू नका.