खिशातला वाटाड्या

पूर्वी अनोळखी मुलखात जाणारा प्रवासी गावातील वाटाड्या सोबत घेत असे. आज तेच काम खिशातला मोबाइल करतो. परंतु त्यातील सर्वच नकाशे सर्व ठिकाणी सारखेच उपयोगी पडतात काय?

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह सर्वांना विनामूल्य संदेश पाठवितात. चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की मोबाइल आपले स्थान ओळखतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. तेव्हा खरा फरक उपग्रहांत नसून नकाशांत आहे.

शहरात ‘गूगल मॅप्स’ सरस ठरतो. पुढच्या चौकात वाहनांची कोंडी झाली असेल, तर तो दुसरा रस्ता सुचवितो. मात्र ही ताजी वार्ता इंटरनेटवाचून कळत नाही. ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ कोंडी सांगत नाही. पण आधी उतरवून घेतलेला नकाशा पायवाटांसह मोबाइलमध्येच ठेवतो. तो २००४ साली सुरू झालेल्या ‘ओपन स्ट्रीट मॅप’वर आधारलेला आहे. हा नकाशा लोकांनीच रचला असून त्यातील चूक कोणालाही सुधारता येते.

म्हणून शहरात पहिला आणि सह्याद्रीच्या डोंगरात दुसरा, असे माझे मत आहे. धुक्याने वाट झाकली आणि इंटरनेटही गेले, तर जवळ साठविलेला नकाशाच कामी येईल. तथापि काल रात्रीच्या पावसाने ओढा किती फुगला, हे दोघांनाही ठाऊक नसते. ते वाडीतल्या गुराख्याला ठाऊक असते. नकाशा अवश्य पाहावा. परंतु माणसाला वाट विचारण्यात कधीही कमीपणा मानू नये.