बाटलीवरच्या आकड्याची गुलामगिरी

परवाच्या शनिवारी आमच्यातला एक जण ऑनसाइटहून परतला आणि ड्यूटी फ्रीची स्कॉच टेबलावर ठेवून म्हणाला, "अठरा वर्षांची आहे रे!" झालं. कुणी वास घेतला नाही, घोट घेतला नाही, पण माना सगळ्यांनी डोलावल्या. एक गोवेकर मित्र कुंकळ्ळीत बनलेली पॉल जॉन सिंगल माल्ट घेऊन आला होता. "देशी?" म्हणून ती बाजूला सरकवली गेली. सरकवणारा हात माझाच होता, हे आधीच कबूल करतो.

मित्र काही बोलला नाही. आत गेला आणि प्रत्येकाला दोन-दोन ग्लास आणून दिले. तळाला चिकटपट्टी, त्यावर 'क' आणि 'ख'. ओळखा म्हणाला. मी 'ख' हुंगला, दोन थेंब पाणी घातलं, आणि "हीच ती अठरा वर्षांची, पोक्तपणा लगेच कळतो," असं छातीठोकपणे सांगितलं. 'ख' गोव्याची निघाली. आता बोला!

तर मंडळी, माझं म्हणणं असं की हा आकडा आपल्याला मूर्ख बनवतोय. किंवा खरं तर त्याचा अर्थ समजून न घेता आपणच मूर्ख बनतोय.

तो आकडा म्हणजे बाटलीतल्या सर्वात तरुण व्हिस्कीने ओकच्या पिंपात काढलेली वर्षं. बस. पिंप कसलं होतं, आधी त्यात शेरी होती की बर्बन, हवा कशी होती, यातलं काहीच तो सांगत नाही. आणि सगळी गोम हवेतच आहे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातलं वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं. याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बंगळुरात हेच देवदूत १० ते १२ टक्के पितात! हिशोब करा : दर वर्षी १० टक्के धरले तरी १८ वर्षांनी पिंपात जेमतेम १५ टक्के उरेल. स्कॉटलंडमध्ये सत्तरच्या आसपास. उष्णतेने लाकडाचा गुणही लवकर उतरतो. मग आपल्याकडच्या माल्टला "वय किती?" विचारण्यात काय अर्थ आहे?

रंग बघून पारखणाऱ्यांसाठी आणखी एक. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. तेव्हा 'काय सोनेरी आहे!' हे जरा जपून.

जगाने हा धडा कधीच घेतला. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. तैवानच्या कावालानची पहिली व्हिस्की २००८ ची, आणि २०१५ मध्ये तिच्या एका बाटलीला वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातल्या सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला. सात वर्षांत!

आता "देशी ते सगळं भारी" असा झेंडा मी नाचवतोय असं समजू नका. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणारा बराचसा माल उसाच्या मळीच्या स्पिरिटवर बनतो. युरोपात त्याला व्हिस्की म्हणताच येत नाही, आणि ते बरोबरच आहे. जपानमध्येही परदेशी व्हिस्की मिसळून 'जपानी' लेबल लावणं चालायचं. २०२१ मध्ये तिथल्या उत्पादकांनी स्वतःच नियम केले तेव्हा कुठे लगाम बसला. म्हणजे देशाचं नाव हासुद्धा आकड्यासारखाच पुरावा नव्हे. लेबल वाचा, पण बारीक अक्षरातलं.

इंटरव्ह्यूत रेझ्युमेवर 'अनुभव १२ वर्षे' वाचून आपण ऑफर लेटर देतो का? चार प्रश्न विचारतोच ना? मग ग्लासालाही विचारा. दोन बाटल्या, चिकटपट्टी, साधं पाणी आणि थोडीथोडीच व्हिस्की. चव घ्यायला तेवढी पुरते. त्यापुढे जे होतं त्याला चव घेणं म्हणत नाहीत.

महागडी स्कॉच वाईट असते असं मी म्हणत नाहीये. ती 'क' सुद्धा छान होती. पण दुसऱ्याने प्रेमाने आणलेली बाटली न चाखता सरकवायचा हक्क मला कुणी दिला होता? आकड्याने? व्हिस्कीबद्दलचं अज्ञान एक वेळ चालेल, हा माज नाही चालणार.

असो. मित्राला फोन करून सॉरी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तीन ग्लास आणतो."